कार्व्हर आणि अमॅरिलिसचा कांदा

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि तेव्हापासून शाळेतल्या बक्षिसापासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत ते हातोहात फिरते आहे. अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मलेला पोर पुढे मोठा कृषिशास्त्रज्ञ झाला आणि त्याने शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू करून दाखवल्या, एवढे बहुतेकांना पाठ असते. त्या शेंगदाण्याच्या ढिगाखाली त्याचा एक नाद मात्र झाकला गेला. कार्व्हरचा जीव आधी फुलांत होता, आणि फुलांतही अमॅरिलिसमध्ये. कॉलेजात असताना त्याने या फुलाचे संकर करायला सुरुवात केली आणि नोकरीसाठी दूर अलाबामात गेल्यावरही तो छंद सोडला नाही.

अमॅरिलिस म्हणजे आपण ज्याला सरसकट लिली म्हणून मोकळे होतो ते कांद्यासारख्या कंदाचे झाड. पोकळ, जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला कर्ण्याच्या आकाराची, तळहाताएवढी चार-पाच फुले लागतात. बहुधा लाल, कधी पांढरी, कधी लालावर पांढऱ्या रेघांची. शास्त्रज्ञ याला हिप्पीस्ट्रम म्हणतात. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्याचा पहिला नोंदलेला संकर १७९९ साली इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन या घड्याळजीने केला. युरोप-अमेरिकेत बाहेर बर्फ पडत असताना हा कांदा घरातल्या खिडकीत ठेवतात आणि तो नाताळच्या सुमारास फुलतो, म्हणून तिकडे तो सणाचे झाड झाला आहे. आपल्याकडे अंगणात लावला तर तो स्वतःच्या मर्जीने साधारण मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. थोडी युक्ती केली तर वाशीमच्या थंडीतही फुलवता येतो. ती युक्ती पुढे सांगतो. आधी कार्व्हरकडे जाऊ, कारण झाडाकडे कसे पाहायचे हे त्याच्याइतके चांगले सांगणारा माणूस दुसरा नाही.

मिझुरी राज्यात डायमंड नावाच्या वस्तीजवळ, मोझेस आणि सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याकडे जॉर्जची आई मेरी गुलाम होती. जॉर्जची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. १८६४च्या आसपासचा त्याचा जन्म धरतात. अमेरिकेतले यादवी युद्ध संपत आले होते आणि गुलाम पळवून विकणाऱ्या टोळ्या सीमेवर फिरत होत्या. अशाच एका टोळीने मेरीला तान्ह्या जॉर्जसह उचलून नेले. मोझेसने माणूस मागे पाठवला. आई सापडली नाही, पोर तेवढे परत मिळाले, आणि त्याच्या बदल्यात मोझेसने एक घोडा दिला. पोर परत आले ते डांग्या खोकल्याने अर्धमेले झालेले.

डांग्या खोकला आता तरुण आयांनी पाहिलेलाही नसतो. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट लस मिळते, तिच्यात त्याचा बंदोबस्त असतो. दीड वर्षाला आणि पुन्हा पाच-सहा वर्षांना डीपीटीचा डोस मिळतो. जॉर्जच्या काळी लस नव्हती, प्रतिजैविक नव्हते. खोकल्याच्या उबळीत मूल निळे पडायचे, खाल्लेले ओकायचे, आणि महिनोन्‌महिने त्याचे वजन वाढायचे नाही. तो वाचला, पण बालपणभर किरकोळ, सतत आजारी राहिला. त्याचा आवाज मोठेपणीही बारीक, उंच पट्टीचा होता आणि त्याचे खापर याच खोकल्यावर फोडले जाते. नुसत्या खोकल्याने आवाज जन्मभरासाठी असा होतो, हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही; पण अशक्तपणाचे कारण मात्र तोच असणार.

या अशक्तपणाने त्याचे आयुष्य वळवले. मोठा भाऊ जिम वावरात कामाला जायचा. जॉर्जला ते झेपत नव्हते, म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, शिवण, धुणे शिकला आणि उरलेला वेळ रानात घालवू लागला. झुडपांच्या आडोशाला त्याने स्वतःची चोरटी बाग केली होती. फुलझाडे लावणे हे पोरासोरांचे रिकामे उद्योग समजले जायचे, म्हणून चोरटी. आसपासच्या बायका आपली मरगळलेली झाडे त्याच्याकडे पाठवू लागल्या. दहा वर्षांच्या आत-बाहेरचे पोर, पण वस्तीत त्याला झाडांचा डॉक्टर हे नाव पडले.

हा डॉक्टर करायचा काय? त्याच्याकडे औषध नव्हते, खत विकत घ्यायला पैसा नव्हता. तो झाड हलवायचा, उन्हातले सावलीत नेऊन पाहायचा, सावलीतले उन्हात. माती बदलायचा. पाणी कमी-जास्त करायचा. मुळांना, पानांना काय लागले आहे ते पाहायचा आणि मग वाट पाहायचा. आम्ही याला निदान म्हणतो, आणि खरे सांगायचे तर आमच्या ओपीडीच्या गर्दीत याच गोष्टीला सर्वांत कमी वेळ मिळतो.

शाळेसाठी तो अकरा-बारा वर्षांचा असताना एकटा निओशो गावी गेला, कारण डायमंडच्या शाळेत काळ्या मुलांना जागा नव्हती. तिथे मारिया वॉटकिन्स या बाईने त्याला घरात घेतले. ती धुणे धुवायची आणि सुईण होती. तिला झाडपाल्याची माहिती होती. जॉर्जच्या वनस्पतिज्ञानात या सुईणीचा वाटा किती होता हे मोजता येणार नाही, पण तो नव्हता असे मला वाटत नाही. पुढची दहा-बारा वर्षे तो कॅन्ससमध्ये गावोगाव फिरला. लोकांचे कपडे धुवायचा, स्वयंपाक करायचा, मिळेल त्या शाळेत बसायचा. १८७९ साली फोर्ट स्कॉट गावात एका काळ्या माणसाला जमावाने ठार मारलेले त्याने पाहिले आणि त्याच रात्री गाव सोडले. हायलँड गावच्या कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर, रंग पाहून, नाकारला. मग पश्चिम कॅन्ससच्या उजाड माळावर त्याने सरकारी जमिनीचा दावा लावला आणि गवताळ मातीच्या ढेपा रचून घर बांधले. तिथली थंडी हाडे गोठवणारी आणि दुष्काळ पाठीला लागलेला. तरीही आसऱ्याला झाडे होतीच. जिथे माणसाचीच सोय नाही तिथे हा कुंड्या सांभाळत होता.

१८९० साली तो आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात दाखल झाला, आणि तेही चित्रकला शिकायला. तो फुले रंगवायचा. एटा बड ही त्याची चित्रकलेची शिक्षिका. तिला त्याचा हात चांगला वाटला, पण चित्रांवर एका काळ्या तरुणाचे पोट भरेल का, ही काळजी तिला लागली. तो वर्गात झाडे घेऊन यायचा हेही तिने पाहिले होते. तिचे वडील जोसेफ बड एम्स गावच्या कृषी महाविद्यालयात बागायतीचे प्राध्यापक. तिने जॉर्जला तिकडे जायला लावले. १८९१ मध्ये तो एम्सला गेला. तिथला पहिलाच काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला इतर मुलांच्या पंक्तीला बसू दिले नाही. नोकरांबरोबर तळघरात जेवावे लागे. त्याच्या चित्रांतले युका आणि निवडुंगाचे चित्र १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आयोवातर्फे लागले आणि त्याची सन्माननीय नोंद झाली. हे तेच वर्ष आणि तोच मेळा, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले.

चित्रकलेचा रस्ता त्याने सोडला तो आपल्या लोकांना शेतीचा उपयोग जास्त होईल म्हणून. फुलांचा मात्र सोडला नाही. एम्सच्या काचघरात त्याने अमॅरिलिसचे संकर केले. १८९४ साली पदवीसाठी त्याने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच माणसाने बदललेल्या वनस्पती हा होता. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाला पुन्हा सापडायला अजून सहा वर्षे होती. तेव्हा संकर म्हणजे डोळा, कुंचला आणि धीर. पुढे लुई पॅमेल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी बुरशीजन्य रोगांवर काम केले, काचघर सांभाळले आणि १८९६ मध्ये एम.एस. झाले. त्या दिवसांत प्राध्यापक वॉलेस यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर रानात झाडे पाहत फिरायचा. हा हेन्री वॉलेस पुढे संकरित मक्याचा प्रवर्तक आणि अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला.

आता ती युक्ती. अमॅरिलिस हे झाड हौशी लोकांच्या हातून मरते ते जास्त मायेने. कांद्यात पुढच्या फुलाचा दांडा आधीच तयार होऊन बसलेला असतो आणि त्याला लागणारे अन्नही कांद्यातच साठवलेले असते. त्याला आपल्याकडून थोडा वेळ विश्रांती आणि थोडे पाणी एवढेच हवे असते. आपण देतो भरपूर पाणी, आणि तेही आपल्या काळ्या मातीत.

ही काळी माती कापसाला आणि सोयाबीनला ठीक. कुंडीत ती नको. तिच्यातल्या चिकणमातीचा गुण असा की पाणी धरून ठेवते आणि ओली असताना हवा आत जाऊ देत नाही. कांदा तळाकडून कुजतो, वरून मात्र पंधरा दिवस हिरवागार दिसतो. म्हणून एक भाग माती, एक भाग जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. कुंडी मोठी घेऊ नये. कांदा आणि कुंडीचा काठ यांच्यात दोन बोटे जागा पुरे. तळाला भोक हवेच. कांदा पुरताना त्याचा वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीबाहेर राहू द्यायचा. एकदा पाणी घालायचे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यायचा. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच थोडे. कोंब आला की सकाळचे ऊन मिळेल अशा खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवायचे. दांडा उजेडाकडे वाकतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी कुंडी फिरवायची. लावल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फूल येते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेला कांदा म्हणूनच नाताळ ते संक्रांत या दरम्यान फुलायला हवा.

ज्यांच्याकडे जुनी कुंडी आहे त्यांनी हे काम सप्टेंबरात सुरू करायचे. कुंडी पावसातून उचलून छपराखाली घ्यायची आणि पाणी हळूहळू बंद करायचे. पाने पिवळी पडून वाळतील, वाळू द्यायची. आठ-दहा आठवडे कांद्याला कोरडे, अंधारे, जमेल तितके थंड पडून राहू द्यायचे. मग नोव्हेंबरात वरची माती बदलून पहिले पाणी. विश्रांतीच मिळाली नाही तर झाड नुसती पाने काढत बसते आणि मालक खत वाढवत बसतो.

फुले सुकली की दांडा कापायचा, पाने कापायची नाहीत. पुढच्या वर्षीचे फूल ही पानेच तयार करत असतात. फूल गेल्यावर कुंडी कोपऱ्यात टाकून देणारा माणूस पुढच्या वर्षी कांदाच खराब होता असे सांगतो. पानांवर, दांड्यावर लालसर-तपकिरी डाग येऊन ती वाकडी होऊ लागली तर ती बुरशी असते. डागाळलेला भाग कापून टाकायचा, वरून पाणी शिंपडणे बंद करायचे आणि हवा खेळती ठेवायची. बुरशी हा कार्व्हरचा खास विषय. त्यांनी जमवलेले बुरशींचे नमुने संशोधकांना उपयोगी पडले, हे शेंगदाण्याच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

संकरही घरी करता येतो. एका फुलाचे पिवळे पराग कापसाच्या बोळ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या रंगाच्या फुलातल्या लांब काडीच्या टोकाला लावायचे. ते टोक तीन फाट्यांत उघडले की वेळ झाली असे समजायचे. महिना-दीड महिन्यात बोंड फुटते आणि आत कागदासारख्या पातळ, काळ्या चकत्या असतात. त्या बिया लगेच पेरायच्या. फूल पाहायला तीन-चार वर्षे लागतात. कार्व्हर यांनी अशा किती खेपा केल्या असतील याचा हिशेब करून पाहावा.

ऑक्टोबर १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेले. एकट्या शिक्षकांना तिथे खोली वाटून घ्यावी लागे. यांनी दोन खोल्या मागितल्या, एक स्वतःला आणि एक वनस्पतींच्या नमुन्यांना. सहकाऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपले. बाहेरची स्थिती अशी, की वर्षानुवर्षे कापसामागे कापूस घेऊन जमीन निःसत्त्व झालेली, शेतकरी बटाईवर राबणारा आणि सावकाराच्या वहीत अडकलेला. पुढे बोंड पोखरणारा सोंड्या भुंगेरा टेक्सासकडून सरकत अलाबामात आला आणि उभी पिके गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागात काय केले ते आठवत असेल त्याला याहून जास्त सांगायला नको. कीड वेगळी, गोष्ट तीच.

कार्व्हर यांनी या जमिनीकडे आजारी झाडासारखे पाहिले. हिला काय कमी आहे? नत्र. ते फुकट कोण देतो? शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी. म्हणून चवळी, भुईमूग, सोयाबीन. जंगलातला पाचोळा आणि तळ्याचा गाळ. शेतकरी संस्थेत येत नाहीत हे पाहून १९०६ मध्ये त्यांनी घोड्याची गाडीच फिरती शाळा करून खेड्यांत पाठवली. १९१६च्या त्यांच्या पुस्तिकेत भुईमूग कसा पेरावा आणि त्याचे १०५ खाद्यप्रकार कसे करावेत, हे एकत्रच दिले आहे. पिकवायला सांगितले आणि खायचे कसे ते सांगितले नाही, असा सल्ला अपुरा असतो हे त्यांना कळत होते.

यात माझ्या धंद्याची एक गोष्ट दडलेली आहे. त्या काळी दक्षिणेकडच्या गरिबांचे जेवण म्हणजे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. त्याने पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, पुढे भ्रम आणि मृत्यू. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवायला सुरुवात केली ती १९१४ नंतर, आणि ती उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची आहे हे कळले १९३७ मध्ये. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. कार्व्हर यांना ते ठाऊक असणे शक्य नव्हते, तरी त्यांनी सांगितलेले पीक नेमके त्याच आजाराचे अन्न निघाले. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर फक्त ज्वारीवर जगणाऱ्या लोकांत पेलाग्रा आढळत असे. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी हे काय संरक्षण आहे ते यावरून कळावे.

आणि त्याच काळात, भुकेल्या बटाईदारांसाठी लिहिता लिहिता, त्यांनी १९०९ मध्ये आपल्या तालुक्यातल्या शोभेच्या झाडांवरही एक पुस्तिका काढली. पोटाचे पाहायचे सोडून फुले कसली, असे विचारणारे तेव्हाही असणार. त्यांचे म्हणणे असे, की झोपडीला स्थानिक मातीतून काढलेल्या रंगाचा हात द्यावा आणि रानातली वेल दारात लावावी. त्याला पैसा लागत नाही. ते स्वतः रोज कोटाला एखादे फूल किंवा पालवी खोवून वर्गात यायचे. कोट जुनाट, फूल ताजे.

१९२१ मध्ये शेंगदाण्यावरच्या आयात कराबद्दल ते अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलले आणि एकदम देशभर माहीत झाले. त्यानंतर दंतकथा वाढत गेल्या. पीनट बटर त्यांनी शोधलेले नाही. त्याची पेटंटे त्यांच्या आधीची आहेत. शेंगदाण्याच्या तीनशे वस्तूंच्या यादीतल्या बऱ्याच आधीपासून माहीत असलेल्या, काही एकमेकींच्या उपजाती, आणि बहुतेकींची कृती त्यांनी लिहून ठेवलेली नाही. त्यांच्या नावावर पेटंटे तीनच, एक सौंदर्यप्रसाधनाचे आणि दोन रंगांची. यातून त्यांचे मोठेपण कमी होते असे मला वाटत नाही. ते चुकीच्या ठिकाणी शोधले गेले एवढेच. १९२९ मध्ये गांधीजींचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज टस्कीगीला गेले आणि पुढे कार्व्हर व गांधीजी यांच्यात आहाराविषयी पत्रव्यवहार झाला. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले, हेही सोयाबीनच्या आपल्या जिल्ह्यात कुणाच्या कानावर नसते.

एक प्रसंग मात्र डॉक्टराने सोडून देण्यासारखा नाही. १९३३च्या अखेरीस बातमी पसरली की कार्व्हर शेंगदाण्याच्या तेलाने मालिश करून पोलिओने लुळे पडलेले पाय बरे करतात. हजारो पत्रे आली. आईबाप मुलांना गाडीत घालून टस्कीगीला येऊ लागले. कार्व्हर सुटीच्या दिवशी तासन्‌तास मालिश करायचे, पैसे घ्यायचे नाहीत. काही मुले चालू लागली, हे खरे. पण पोलिओच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच स्नायूंत आपोआप थोडी ताकद परतते, आणि नियमित मालिश व व्यायाम यांनी उरलेले स्नायू कामाला लागतात. तेल कातडीतून आत जाऊन स्नायू पोसते याला पुरावा मिळालेला नाही. आजारी झाडापाशी बसून कारण शोधणारा माणूस इथे कारणाऐवजी तेलावर विसंबला. तेल लावलेले आणि न लावलेले अशी तुलना त्यांनी केली असती तर त्यांनाच ते दिसले असते. पोलिओला शेवटी लसीनेच हटवले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा. तरी लुळ्या पायाला, लकव्याला अमुक तेल लावा म्हणणारे आजही आहेत, आणि लकव्याच्या रुग्णाचे पहिले चार-साडेचार तास त्यात जातात, ज्या वेळात रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले असते.

वनस्पतीत औषध नसते असा याचा अर्थ नाही. अमॅरिलिसच्याच कुळातल्या स्नोड्रॉप या फुलाच्या कंदातून १९५०च्या दशकात गॅलँटामिन मिळाले आणि स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात ते आता गोळीच्या रूपात देतात. पण ते शुद्ध करून, मोजून, तपासून. अमॅरिलिसच्या कांद्यात लायकोरिन नावाचे विष असते. तो खाल्ला तर तोंडाला पाणी सुटते, मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. दिसायला तो हुबेहूब स्वयंपाकाचा कांदा. विश्रांतीला काढलेले कंद म्हणून कधीही कांद्याच्या टोपलीजवळ, बटाट्याच्या पोत्याजवळ ठेवू नयेत. कागदात गुंडाळून, वर नाव लिहून, पोरांच्या हाताबाहेर ठेवावेत. कुणी खाल्लाच तर बोटे घालून उलटी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. तोंड धुवावे आणि उरलेला तुकडा बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठावा. तो तुकडा पाहिला की आमचे अर्धे काम होते. कंद हाताळताना काहींच्या हाताला खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर.

कार्व्हर यांनी लग्न केले नाही. शेवटची काही वर्षे पंडुरोगाने ते खंगत गेले. रक्त कमी, चालताना थकवा. १९४१ मध्ये टस्कीगीत त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले आणि त्यात त्यांची चित्रे लागली. साठवलेला सारा पैसा, सुमारे साठ हजार डॉलर, त्यांनी संशोधनाच्या प्रतिष्ठानाला दिला. १९४२च्या अखेरीस ते पडले आणि त्यातून उठले नाहीत. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. टस्कीगीतच बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरले आहे. चार वर्षांनी, १९४७ मध्ये, संग्रहालयाला आग लागली आणि त्यांनी रंगवलेल्या फुलांची बरीच चित्रे जळाली किंवा धुराने काळवंडली.